दुसऱ्या पिढीच्या डॉज रॅम डिझेलवर इंधनदाबाचे गेज : जोडणी कुठे घ्यावी आणि काटा कसा वाचावा

गिरणाकाठ (कोलोरॅडो)

डॉज रॅमच्या दुसऱ्या पिढीच्या उत्तरार्धातल्या डिझेल पिकअपमध्ये, म्हणजे १९९८च्या मध्यापासून २००२पर्यंतच्या २५०० आणि ३५०० या गाड्यांत, कमिन्सचे ५.९ लिटरचे २४ व्हॉल्व्हचे इंजिन असते आणि त्यावर बॉशचा व्हीपी४४ हा इलेक्ट्रॉनिक रोटरी इंजेक्शन पंप असतो. इंजिन दणकट आहे, याबद्दल कोणाचे दुमत नाही. मात्र डॅशबोर्डवर व्होल्टेज, ऑइलचा दाब आणि पाण्याचे तापमान हे सगळे दिसते. इंजेक्शन पंपाला डिझेल किती दाबाने मिळत आहे, तेवढेच दिसत नाही. ते ईसीएमलाही (इंजिनाच्या संगणकालाही) कळत नाही, कारण त्या जागी कारखान्याने सेन्सरच दिलेला नाही. त्यामुळे ओबीडीच्या (गाडीतले दोष वाचण्याच्या) सॉकेटला कितीही महागडा स्कॅनर जोडला तरी हा आकडा मिळत नाही. माझ्या २००१च्या २५०० गाडीवर मी नुकतेच वेगळे गेज बसवले. त्याची माहिती येथे सविस्तर देत आहे आणि शेवटी जाणकारांना एक प्रश्न विचारत आहे.

हा दाब इतका महत्त्वाचा का, हे आधी सांगतो. व्हीपी४४ला डिझेल केवळ जाळण्यासाठी लागत नाही. त्याच्या आतल्या भागांचे वंगण तेच आणि पंपाच्या डोक्यावर बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला थंड ठेवणारेही तेच. पंपाकडे येणाऱ्या डिझेलपैकी सुमारे ७० टक्के डिझेल ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून टाकीत परत जाते, आणि हा व्हॉल्व्ह सुमारे १४ पीएसआयला (चौरस इंचावर १४ पौंड दाबाला) उघडतो. पुरवठ्याचा दाब त्याच्या बराच खाली राहिला की परतीचा प्रवाह आटतो आणि पंप तापू लागतो. गाडी त्या दिवशी बंद पडत नाही, ओढही जाणवण्याइतकी कमी होत नाही, आणि म्हणूनच मालकाला पत्ता लागत नाही. लक्षणे दिसू लागतात तेव्हा, म्हणजे पॅडल दाबूनही इंजिन काही क्षण प्रतिसाद देत नाही किंवा पी०२१६ हा टायमिंगचा कोड येतो तेव्हा, पंपाचे नुकसान बहुतेक झालेले असते. नव्याने बांधलेल्या व्हीपी४४ची किंमत हजार डॉलरच्या पुढे जाते. गेजचा सगळा सरंजाम त्याच्या लहानशा हिश्श्यात बसतो.

डिझेलचा मार्ग असा आहे. टाकीतून नळी निघून इंजिनाच्या ब्लॉकवर, चालकाच्या बाजूला बसवलेल्या विजेच्या लिफ्ट पंपाकडे (टाकीतले डिझेल ओढून पुढे पाठवणाऱ्या पंपाकडे) येते, तेथून फिल्टरमध्ये आणि फिल्टरमधून व्हीपी४४मध्ये जाते. या मांडणीतली अडचण पाहताक्षणी लक्षात येते. लिफ्ट पंप टाकीपासून दूर आहे, म्हणजे त्याला डिझेल लांबून ओढावे लागते, आणि विजेवरचे असे पंप ढकलण्याच्या कामात चांगले असले तरी ओढण्याच्या कामात कमजोर असतात. शिवाय मी राहतो त्या भागात आणखी एक भर पडते. डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने जॉर्जटाउन सोडून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढत गेले की उंची ११,००० फुटांपलीकडे जाते. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो, तो तेथे १० पीएसआयच्याही किंचित खाली येतो. टाकीतल्या डिझेलला पंपाकडे ढकलणारी हवाच विरळ होते, आणि नेमके त्याच चढावर इंजिन सर्वांत जास्त डिझेल मागत असते.

गेजसाठी जोडणी मी फिल्टरच्या पुढे, व्हीपी४४च्या तोंडाशी असलेल्या बँजो बोल्टवर (आतून डिझेल जाणाऱ्या पोकळ बोल्टवर) घेतली. मूळ बोल्ट काढून त्याच्या जागी डोक्यात १/८ एनपीटीचे (अमेरिकी पाइपच्या मापाचे) आटे पाडलेला बोल्ट बसवला. असा बोल्ट तयार मिळतो, त्यामुळे मूळ बोल्टला भोक पाडत बसू नये. दोन्ही बाजूंचे सीलिंग वॉशर नवे घातले. बोल्टमध्ये एक नीडल व्हॉल्व्ह (प्रवाह बारीक करणारी तोटी), त्यापुढे सुमारे दीड फुटाची लवचीक होज आणि होजच्या दुसऱ्या टोकाला फेंडरच्या आतल्या पत्र्यावर क्लॅम्पने बसवलेला ० ते ३० पीएसआयचा इलेक्ट्रिक सेंडर (दाब मोजून गेजला विजेने कळवणारा भाग), अशी मांडणी केली आहे. एनपीटी आट्यांना टेफ्लॉनची टेप न लावता डिझेल सोसणारी पेस्ट लावली, कारण टेपचे तुकडे सुटून पुढे गेले तर ते थेट इंजेक्शन पंपात जातात. या जागेनंतर त्यांना अडवायला फिल्टर नाही. पेस्टही पहिले दोन आटे कोरडे सोडून लावावी.

गेज ए-पिलरवरच्या (विंडशील्डशेजारच्या खांबावरच्या) पॉडमध्ये आहे. त्याची वायर फायरवॉलमधल्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातल्या) मूळ रबरी ग्रोमेटमधून आत आणली, चावी फिरवल्यावरच सुरू होणाऱ्या सर्किटमधून लहान फ्यूज लावून वीज घेतली आणि गेजच्या दिव्याची वायर डॅशबोर्डच्या डिमरला जोडली. हा शेवटचा भाग फुकटचा वाटतो, पण रात्रीच्या प्रवासात डोळ्यांच्या रेषेत प्रखर दिवा असला की त्याचे महत्त्व कळते.

लाइन उघडल्यानंतर एअर काढण्यासाठी चावीने स्टार्टर क्षणभर मारून लगेच सोडला. इंजिन सुरू होऊ दिले नाही तर ईसीएम लिफ्ट पंप सुमारे २५ सेकंद चालवतो, आणि तेवढ्या वेळात लाइन भरते. त्याच वेळात टॉर्च घेऊन प्रत्येक जोड पाहता येतो. जोड कोरड्या पुठ्ठ्याने किंवा कागदाने तपासावा, हाताने चाचपू नये. लिफ्ट पंपाच्या बाजूला दाब मामुली असला तरी त्याच जागेत शेजारून इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्या आहेत आणि चालू इंजिनात त्यांतून फुटणारी बारीक फवारणी कातडीत शिरू शकते. अशी जखम वरून किरकोळ दिसली तरी तातडीने रुग्णालयात जावे लागते.

आता आकडे. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला १५ पीएसआय, रिकाम्या गाडीने सपाट रस्त्यावर १३. कॅम्पर (मागे ओढायचे फिरते घर) जोडून चढावर पॅडल पूर्ण दाबले की काटा ८ वर येतो आणि पाय काढल्यावर लगेच परत वर जातो. दुरुस्तीपुस्तिकेप्रमाणे इंजिन चालू असताना किमान १० हवेत. माझा प्रश्न असा की, ही उतरण फिल्टरमुळे आहे, लिफ्ट पंपामुळे आहे की टाकीकडच्या बाजूमुळे, हे एका गेजवरून कसे ओळखावे?


वायसर (टेक्सास)

प्रश्नाकडे वळण्याआधी सेंडर होजवर नेण्याच्या निर्णयाबद्दल लिहितो, कारण हा धागा वाचून गेज बसवणारा पुढचा माणूस खर्च वाचवण्यासाठी नेमका तोच भाग वगळेल. व्हीपी४४ डिझेल घेतो ते सलग प्रवाहाने नव्हे, तर ठोक्याठोक्याने, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर पुरवठ्याच्या लाइनमध्ये दाबाची लाट मागे येते. काट्यावर १५ दिसत असताना सेंडरच्या आतल्या पडद्याला क्षणिक तडाखे त्याहून कितीतरी मोठे बसत असतात. सेंडर थेट बँजो बोल्टवर बसवला तर त्यात इंजिनाच्या थरथरीची भर पडते, आणि काही महिन्यांत गेज खोटे बोलू लागते. खोटे बोलणारे गेज नसलेल्या गेजपेक्षा वाईट, कारण त्यावर विसंबून माणूस चांगला पंप बदलतो.

लवचीक होज लाटेचा पहिला तडाखा पचवते आणि बाकीचे काम नीडल व्हॉल्व्ह करतो. तो पूर्ण उघडा ठेवू नये. पूर्ण बंद करून नंतर हळूहळू एवढाच उघडावा की पॅडल दाबल्यावर काटा हलतो, पण आयडलिंगला थरथरत नाही. साधारण पाव फेऱ्याच्या आत हे साधते. पुढे कधी रस्त्यात होज किंवा सेंडर गळू लागला तर हाच व्हॉल्व्ह बंद करून घरी येता येते, हा त्याचा दुसरा उपयोग.

होजसाठी अनेक जण ग्रीस गनची होज वापरतात. दोन्ही टोकांना १/८ एनपीटीचे आटे असतात, दाब सोसण्याचा प्रश्नच नाही आणि ती कोणत्याही दुकानात मिळते. तरीही ती टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या बाजूने नेऊ नये, आणि दरवर्षी हाताने वाकवून भेगा पाहाव्यात. ज्यांना एकदाच करून विसरायचे आहे, त्यांनी आत टेफ्लॉन आणि वर स्टीलची जाळी असलेली होज घ्यावी.


नवखा चालक (न्यू जर्सी)

माझ्याकडे २००२ची ३५०० आहे. वाचून एक शंका आली. इलेक्ट्रिक सेंडर, वायरिंग, अर्थ (विजेचा परतीचा मार्ग), फ्यूज हा एवढा व्याप करण्याऐवजी साधे मेकॅनिकल गेज घेऊन त्याची नळी थेट केबिनमध्ये आणली तर काय बिघडते? त्यात बिघडण्यासारखे काहीच नसते आणि आकडाही अचूक मिळतो, असे एकाने सांगितले.


वायसर (टेक्सास)

अचूकतेबद्दल ज्यांनी सांगितले त्यांचे बरोबर आहे, पण तसे करू नका. मेकॅनिकल गेजची नळी केबिनमध्ये आणणे म्हणजे दाबाखालचे डिझेल तुमच्या गुडघ्यांजवळ आणणे. नायलॉनची ती बारीक नळी डॅशबोर्डमागे कुठल्या तरी पत्र्याच्या कडेला घासत राहते, आणि ती फुटेल तेव्हा तुम्ही हायवेवर असाल. मेकॅनिकल गेजच हवे असेल तर दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे आयसोलेटर : फायरवॉलच्या इंजिनाकडच्या बाजूला एक लहान कोठडी, तिच्या मध्ये पडदा, पडद्याच्या एका अंगाला डिझेल आणि दुसऱ्या अंगाला केबिनमधल्या गेजपर्यंत भरलेले कूलंट. नळी फुटलीच तर घोटभर कूलंट सांडेल, इतकेच. मात्र त्या कूलंटमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर काटा सुस्त होतो, म्हणून ती नळी भरण्याचे काम शांतपणे करावे लागते. दुसरा रस्ता म्हणजे गेज केबिनच्या बाहेरच, विंडशील्डच्या खाली बॉनेटच्या मागच्या पट्टीवर चालकाकडे तोंड करून बसवणे. दिसायला बरे दिसत नाही, पण डिझेल बाहेरच राहते.

आणखी एक. ० ते १५ पीएसआयचे गेज घेऊ नका. निरोगी व्यवस्थेत काटा आयडलिंगलाच शेवटच्या खुणेवर जाऊन टेकेल, आणि नंतर कधी जास्त ताकदीचा पंप बसवला तर गेजच बदलावे लागेल. ० ते ३० ची पट्टी योग्य.


खिंडीपलीकडे (मिशिगन)

अर्थचा उल्लेख झाला आहे, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने. बाजारातले बरेचसे सेंडर एका वायरचे असतात. एक वायर गेजकडे जाते आणि सर्किटचा दुसरा भाग सेंडरच्या पितळी अंगातून, आट्यांतून, इंजिनाच्या धातूपर्यंत पूर्ण होतो, असे गृहीत धरलेले असते. सेंडर थेट ब्लॉकमध्ये असेल तर ते खरे आहे. गिरणाकाठ यांच्या मांडणीत मात्र सेंडर रबरी होजच्या टोकाला आहे आणि क्लॅम्पखाली बहुधा रबराचा किंवा रंगाचा थर आहे. म्हणजे त्याला अर्थ मिळतो तो नशिबाने. अशा सेंडरच्या षटकोनाला लहान रिंग किंवा क्लिप लावून वेगळी अर्थ वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हकडे किंवा रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्याकडे न्यावी. आट्यांतल्या पेस्टमुळेही अर्थ कमकुवत होऊ शकतो.

याचे लक्षण नेमके आहे. अमेरिकेत सर्रास मिळणाऱ्या सेंडरचा रोध दाब शून्य असताना २४० ओहम आणि पट्टी पूर्ण असताना ३३ ओहम असतो. अर्थ खराब झाला की मार्गात जादा रोध येतो, आणि गेजला वाटते की दाब कमी आहे. म्हणजे या जातीच्या गेजमध्ये खराब अर्थ नेहमी कमी आकडा दाखवतो, जास्त कधीच नाही. हेडलाइट किंवा ब्लोअर लावल्यावर काटा सरकत असेल तर पंपाकडे पाहण्याआधी अर्थ तपासावा. सेंडर आणि गेज एकाच जोडीचे असावेत, हेही येथेच सांगतो. युरोपीय बनावटीचे १० ते १८० ओहमचे सेंडर उलट दिशेने चालतात, आणि ते २४०-३३च्या गेजला जोडले तर आकड्याला काहीही अर्थ उरत नाही.

नव्या तीन वायरच्या सेंडरमध्ये ही भानगड नसते, कारण अर्थ त्याच्या स्वतःच्या वायरमधून येतो. ज्यांनी अजून खरेदी केलेली नाही, त्यांनी थोडे जास्त पैसे देऊन तेच घ्यावेत, असे माझे मत आहे.


जुना फोरमन (ओहायो)

आता मूळ प्रश्नाकडे. व्हीपी४४च्या तोंडाशी असलेले गेज एकच गोष्ट सांगते : इंजेक्शन पंपाला काय मिळत आहे. का कमी मिळत आहे, ते सांगत नाही, आणि ते सांगावे अशी अपेक्षाही ठेवू नये. कायमच्या गेजसाठी तीच जागा योग्य आहे, कारण जपायचे आहे ते इंजेक्शन पंपाला. काही जण हौसेने लिफ्ट पंपानंतर लगेच, फिल्टरच्या आधी जोडणी घेतात आणि १४-१५ पाहून खूश राहतात. फिल्टर चोंदलेला असेल तर त्यांचे गेज उलट थोडे जास्तच दाखवेल, आणि त्याच वेळी व्हीपी४४ उपाशी असेल.

कारण शोधण्यासाठी दुसरा आकडा लागतो, तो फिल्टरच्या आधीचा. त्यासाठी दुसरे कायमचे गेज नको. तात्पुरते साधे मेकॅनिकल गेज लांब होजवर घ्यावे, फिल्टरच्या आधीच्या जोडावर बसवावे, होज बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज विंडशील्डवर बाहेरच्या बाजूने वायपरखाली टेपने पक्के चिकटवावे. केबिनमध्ये आणू नये. कारण वर सांगितले गेले आहे. मग शेजारी कोणाला तरी बसवून त्याच चढावर, तेवढ्याच ओझ्यासह गाडी न्यावी आणि दोन्ही आकडे त्याला लिहायला सांगावेत. चालकाने लिहू नये.

दोन आकड्यांतला फरक म्हणजे फिल्टरने खाल्लेला दाब. पुस्तिकेप्रमाणे तो ५ पीएसआयपेक्षा जास्त नसावा, आणि माझ्या अनुभवात नव्या फिल्टरमध्ये तो एक-दोनच्या आसपास राहतो. फरक मोठा असेल तर फिल्टर बदला. दोन्ही आकडे हातात हात घालून खाली येत असतील तर फिल्टर निर्दोष आहे, आणि दोष लिफ्ट पंपात किंवा त्याच्या मागे आहे. त्या वेळी लगेच पंप मागवू नका. आधी पंपाच्या कनेक्टरवर इंजिन चालू असताना व्होल्टेज मोजा. दोन दशकांहून जुन्या वायरिंगमध्ये एखादी पिन काळवंडलेली असते, पंपाला १३.५ऐवजी ११ व्होल्ट मिळतात, आणि लोक एकामागून एक पंप बदलत बसतात. मग ओढीची बाजू पहा : टाकीपासूनची रबरी नळी आतून सोललेली आहे का, क्लॅम्प हवा घेत आहेत का, टाकीतल्या मॉड्यूलची जाळी चोंदली आहे का. ओढीच्या बाजूचा गळका जोड डिझेल सांडत नाही, हवा आत घेतो, म्हणून त्याखाली ओल दिसत नाही. अशा वेळी काटा स्थिर न राहता नाचतो, आणि टाकी पाव भागाखाली गेली की जास्त नाचतो.

एक मोजमाप मात्र गेज कधीच देणार नाही, आणि ते म्हणजे प्रवाह. थकलेला पंप आयडलिंगला १५ दाखवू शकतो, कारण तेव्हा इंजिनाची मागणीच नसते. म्हणून आयडलिंगचा आकडा सांगून ‘माझा पंप ठीक आहे ना?’ असे विचारणाऱ्यांना मी उत्तर देण्याचे सोडून दिले आहे. आकडा ओझ्याखालचा हवा. इंजिन सुरू करताना, स्टार्टर फिरत असतानाचा कमी आकडा पाहूनही घाबरू नये. त्या वेळी ईसीएम स्वतःच लिफ्ट पंपाला पूर्ण वीज देत नाही.


शिवारातला मिस्त्री (सांगली)

अमेरिकेतल्या गाड्या आम्ही पाहिलेल्या नाहीत, पण चर्चा ओळखीची वाटली. आमच्याकडच्या जुन्या डिझेल पिकअपमध्ये फीड पंप इंजिनाच्या कॅमवर चालतो आणि त्याच्यावरच हातपंप असतो. गाडीने एअर पकडली की बँजो बोल्ट सैल करून हातपंप मारायचा आणि फेस थांबून स्वच्छ डिझेल येईपर्यंत थांबायचे, हे पोरगाही करतो. माझा प्रश्न नव्या कॉमन रेल पिकअपबद्दल आहे, म्हणजे ज्यांत सगळ्या इंजेक्टरांना एकाच जाड नळीतून (रेलमधून) डिझेल मिळते. ऊस आणि द्राक्षांच्या हंगामात ओव्हरलोड चालणाऱ्या गाड्या ओढ कमी झाल्याची तक्रार घेऊन येतात, स्कॅनरवर रेलचा दाब कमी असल्याचा कोड दिसतो आणि मालक थेट हाय प्रेशर पंपाच्या खर्चाला घाबरतो. तेथे असे गेज बसवून उपयोग होईल का?


जुना फोरमन (ओहायो)

मिस्त्री, उपयोग होईल, पण आधी त्या इंजिनाला डिझेल ढकलून मिळते की ते ओढून घेते, एवढे पाहावे लागेल. अनेक कॉमन रेल व्यवस्थांमध्ये टाकीत किंवा चॅसिसवर विजेचा पंपच नसतो. हाय प्रेशर पंपाच्या पाठीला जोडलेला लहान गिअर पंप फिल्टरमधून डिझेल ओढतो. अशा गाडीत फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये दाब नसून निर्वात असतो. तेथे दाबाचे गेज लावले तर काटा शून्यावरच बसेल आणि तुम्ही चांगल्या गाडीत दोष शोधत राहाल. तेथे व्हॅक्यूम गेज लावावे. फिल्टर चोंदला, नळी चेपली किंवा टाकीची जाळी भरली की निर्वात वाढतो. हवा शिरत असेल तर निर्वात कमी होतो आणि पारदर्शक नळीत बुडबुडे दिसतात. कोणत्या गाडीत किती निर्वात चालतो, तो आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. एका गाडीचा दुसऱ्या गाडीला लागू होत नाही.

टाकीत विजेचा पंप असलेल्या गाड्यांत मात्र वरची सगळी चर्चा तशीच लागू पडते. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे रेलचा दाब कमी असल्याचा कोड हा हाय प्रेशर पंपावरचा आरोप आहे, पुरावा नव्हे. आधी त्याला पुरेसे डिझेल मिळते का, ते पाहावे.


शिवारातला मिस्त्री (सांगली)

पटले. आमच्याकडे फिल्टरच्या पुढे पारदर्शक नळीचा तुकडा घालून बुडबुडे पाहण्याची पद्धत आहेच. व्हॅक्यूम गेज एसीच्या कामासाठी घेतलेले पडून आहे, त्याला योग्य जोड तयार करून घेतो.


खिंडीपलीकडे (मिशिगन)

मिस्त्री, एसीच्या मॅनिफोल्डमध्ये डिझेल शिरू देऊ नका, नाहीतर ते पुन्हा एसीच्या कामाला चालणार नाही. स्वस्तातले वेगळे गेज घेतलेले परवडेल.


गिरणाकाठ (कोलोरॅडो)

सर्वांचे आभार. जुना फोरमन यांनी सांगितल्याप्रमाणे दुसरे गेज फिल्टरच्या आधी जोडून, वायपरखाली चिकटवून, तोच कॅम्पर घेऊन तोच चढ चढलो. आकडे सौभाग्यवतींनी टिपले. पॅडल पूर्ण दाबलेले असताना फिल्टरच्या आधी १४ आणि नंतर ८. म्हणजे फिल्टर एकटाच ६ पीएसआय खात होता, आणि पंप उंचीवरही आपले काम करत होता. फिल्टर बदलल्यावर त्याच ठिकाणी १३ आणि १२ असे आकडे आले. जुना फिल्टर कापून पाहिला तर घड्यांमध्ये काळपट चिकट थर होता. गाडी आधीच्या मालकाकडे बराच काळ उभी होती, त्यामुळे टाकी उतरवून धुण्याचे काम आता यादीत घेतले आहे. तोपर्यंत एक जास्तीचा फिल्टर गाडीत ठेवत आहे.

सेंडरला वेगळी अर्थ वायरही दिली. हेडलाइट लावल्यावर काटा किंचित सरकत असे, ते बंद झाले. याचा अर्थ आधीचे सगळे आकडे अर्ध्या-एका पीएसआयने कमी दिसत असणार.

आता उरलेली शंका हिवाळ्याची. येथे पहाटे तापमान उणे २० सेल्सियसपर्यंत जाते. तेव्हा काट्याकडून काय अपेक्षा ठेवावी?


जुना फोरमन (ओहायो)

थंडीत दोन वेगळ्या गोष्टी काट्यावर दिसतात आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नयेत. पहिली, इंजिन सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत काटा ठरावीक अंतराने खाली-वर होतो. ते इनटेकमधल्या ग्रिड हीटरमुळे असते. हे हीटर इतकी वीज घेतात की दर वेळी ते लागले की गाडीचे व्होल्टेज पडते, लिफ्ट पंप मंदावतो आणि दाबही थोडा उतरतो. व्होल्टमीटरचा काटा आणि दाबाचा काटा एकाच तालात हलत असतील तर काळजीचे कारण नाही. इंजिन तापले आणि गाडीने वेग धरला की ते थांबते.

दुसरी गोष्ट गंभीर. सुरू करताना दाब ठीक, निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत तो सलग उतरत जातो आणि पाय काढला तरी पूर्ववत होत नाही, असे दिसले तर डिझेलमधले मेण जमून फिल्टरवर बसत आहे. तेव्हा ओझे लगेच कमी करावे आणि सुरक्षित जागा पाहून थांबावे. दाब ५ पीएसआयच्या खाली असताना घर गाठण्याचा अट्टहास करू नये, कारण त्या वेळी गोठत आहे ते डिझेल आणि झिजत आहे तो व्हीपी४४. उपाय आधीच करायचा असतो : हिवाळ्यात क्रमांक २च्या (नेहमीच्या) डिझेलमध्ये क्रमांक १ (पातळ, थंडीत उशिरा गोठणारे) मिसळलेले इंधन डोंगराळ भागातल्या पंपांवर मिळते, तेच भरावे, आणि सखल, उबदार प्रदेशात भरलेली टाकी घेऊन रात्री डोंगरात मुक्कामाला जाऊ नये. प्रतिबंधक रसायन घालायचे तर डिझेल द्रव असतानाच घालावे. मेण जमल्यावर ते टाकीत ओतून उपयोग होत नाही.


नवखा चालक (न्यू जर्सी)

गाडी चालवताना काट्याकडे सतत पाहत राहणे शक्य नाही. दाब खाली गेल्यावर दिवा लागेल, अशी काही सोय करता येते का?


खिंडीपलीकडे (मिशिगन)

करता येते, आणि करावीच. सेंडरच्या आधी एक टी (तीन तोंडांचा जोड) घालून तिच्या दुसऱ्या तोंडाला दाब-स्विच बसवावा. दाब नसताना ज्याचे संपर्क जुळलेले असतात आणि दाब आल्यावर सुटतात, असा स्विच घ्यावा. म्हणजे दाब ठरावीक मर्यादेखाली आला की सर्किट पूर्ण होऊन लाल दिवा लागतो. मर्यादा ८ ते १० पीएसआयच्या दरम्यान ठेवावी. चावी फिरवल्यावर लिफ्ट पंप काही क्षणच चालून थांबतो, त्यामुळे इंजिन सुरू होण्याआधी दिवा थोडा वेळ लागलेला दिसेल. ते चांगलेच आहे, दिवा जिवंत असल्याची रोजची खात्री पटते. स्विचही नीडल व्हॉल्व्हच्या पुढेच असावा, नाहीतर प्रत्येक ठोक्याला दिवा लुकलुकत राहील. त्या टीचे वजन होजवर लोंबकळू न देता सेंडरसोबत पत्र्यावर क्लॅम्प करावे, आणि पहिल्या आठवड्यानंतर सगळे जोड पुन्हा एकदा कोरड्या कागदाने पुसून पाहावेत.